रॅपवर इपॉक्सी सारखं बसत नाही? मोटर बदलू नका, माल कमी करा

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही स्वतः बांधलेला हा मासेमारीचा दुसरा रॉड. गाइड, म्हणजे गळाची दोरी ओवायच्या कड्या, दोऱ्याने बांधून झाले (दोऱ्याच्या या वेढ्यांना रॅप म्हणतात), त्यावर इपॉक्सीचा एकच भरभक्कम हात (थर) दिला आणि रॉड मिनिटाला ९ फेरे घेणाऱ्या मोटरवर रात्रभर फिरत ठेवला. सकाळी पाहता तर प्रत्येक रॅपला मधोमध पोट सुटलेलं, कडा नागमोडी, गाइडच्या पायालगत बुडबुड्यांची रांग, आणि टोकाकडच्या बारीक गाइडांवर तर चक्क थेंब गोठलेले. तुम्ही विचारलंय की जास्त वेगाची मोटर घेऊ की भारीतला ब्रश?

माझ्या मते दोन्हींचे पैसे वाचवा. ९ फेरे पुरेसे आहेत आणि साधा मऊ नायलॉनचा ब्रशही चालतो. पोट, वेड्यावाकड्या कडा आणि थेंब या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: एका हातात फार माल चढला. बुडबुड्यांचं कारण वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी एक गैरसमज काढू. मोटर इपॉक्सी सपाट करत नाही. रॉड थांबलेला असेल तर इपॉक्सी खालच्या बाजूला ओघळतं. रॉड फिरता ठेवला की खालची बाजू सतत बदलत राहते, त्यामुळे ओघळ एका जागी जमत नाही. मोटरचं काम इथे संपलं. रॉडच्या लांबीच्या दिशेने काय चाललंय यावर तिचा काडीचाही ताबा नसतो, आणि पोट सुटतं ते नेमकं त्याच दिशेने. दोन्ही कडांजवळचा माल हळूहळू मधे सरकतो. वेग दुप्पट केलात तरी हे सरकणं थांबणार नाही.

हे सरकणं पृष्ठताणामुळे होतं. द्रवाला आपला उघडा पृष्ठभाग कमीत कमी ठेवायचा असतो. बारीक दांड्यावर लांबच लांब नळीसारखं पसरून राहण्यापेक्षा मण्यासारखं गोळा होणं त्याला सोयीचं जातं. कोळ्याच्या जाळ्यावर दव मण्यामण्यांनी बसतं ते याच कारणाने. दांडा जितका बारीक तितका हा ओढा जोरदार. म्हणूनच तुमच्या मुठीकडच्या गाइडांवर नुसतं पोट दिसतंय आणि टोकाकडे थेट थेंब झालेत, जरी हात तुम्ही सगळीकडे सारखाच फिरवला असला तरी.

आता यातली कामाची गोष्ट. थराचा तळ खालच्या पृष्ठभागाला धरून बसलेला असतो, हलतो तो वरचा भाग. थर पातळ असला की हलायला वाव फारसा उरत नाही. पातळ थरातला हा प्रवाह जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. म्हणजे जाडी निम्मी केली तर माल सरकण्याचा वेग निम्मा होत नाही, साधारण आठ पटीने कमी होतो. तेवढ्या अवधीत इपॉक्सी आळतं आणि जागच्या जागी थांबतं. एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्या असं सगळे जुने बांधणारे सांगतात, त्यामागचं गणित हे आहे.

याला दुसरी बाजू आहे आणि तिच्यामुळेच बरेच जण पुन्हा जाड हाताकडे वळतात. जो थर सरकत नाही तो स्वतःहून सपाटही होत नाही. ब्रशच्या रेषा, एखादा राहून गेलेला उंचवटा, हे सगळं पातळ थरात भरून यायला वेळ घेतं. त्यामुळे माल कमी पाहिजेच, पण तो ताजा आणि प्रवाहीही पाहिजे. वाटीत वीस मिनिटं पडून दाट झालेलं इपॉक्सी पातळ लावायला गेलात तर लाटा उठणारच. थोडक्यात, पोट सुटलं असेल तर माल जास्त झाला, आणि पातळ लावूनही लाटा दिसत असतील तर माल शिळा झाला.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. इपॉक्सी कुठल्या जातीचं आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. फ्लेक्स कोटसारख्या नावाखालीही लाइट आणि हाय बिल्ड अशा दोन जाती मिळतात. पहिली पातळ, दोन-तीन हातांत चढवायची; दुसरी दाट, कमी हातांत जाडी देणारी. शिकणाऱ्याने लाइट घ्यावी असं माझं ठाम मत आहे. हाय बिल्ड मुठीपुढच्या रुंद नक्षीच्या रॅपवर शोभतं, बारीक गाइडवर ते थेंब करायला टपलेलंच असतं. दोरा कुठला यानेही फरक पडतो. ए नंबरच्या बारीक दोऱ्याच्या खाचा उथळ असतात, डी नंबरच्या जाड दोऱ्याच्या खोल, त्यामुळे डीला एखादा हात जास्त लागतो. आणि खोलीचं तापमान. २१ ते २४ अंश सेल्सिअसच्या आसपास बहुतेक इपॉक्सी नीट वागतं. त्याखाली ते दाट होतं आणि बुडबुडे धरून ठेवतं, त्याच्या बरंच वर गेलं की हाताशी असलेला वेळ झपाट्याने कमी होतो.

तयारीबद्दल. दोरा बांधताना बोटांचं तेल त्यावर लागतंच. हात देण्याआधी ब्लँकचा, म्हणजे रॉडच्या मूळ दांड्याचा, उघडा भाग आणि रॅपच्या कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण उडू द्या. सिलिकॉनचा तर दुरूनही संबंध येऊ देऊ नका. रीळवर मारायचा स्प्रे, फर्निचरचं पॉलिश, काही हातांची क्रीम, यांचा अंश जरी असला तरी इपॉक्सी तिथून मागे सरतं आणि गोल खड्डे पडतात. कितीही वेळा ब्रश फिरवा, खड्डा पुन्हा उघडतो. इंजेक्शनच्या साध्या सिरिंजच्या रबरी दट्ट्यालाही बऱ्याचदा सिलिकॉनचं वंगण असतं, म्हणून सबंध प्लास्टिकच्या दट्ट्याची सिरिंज घेतलेली बरी.

दोऱ्याचा रंग टिकवायला तुम्ही कलर प्रिझर्व्हर लावत असाल तर तो पूर्ण वाळू द्या, निदान एक दिवस. तो पाण्यात कालवलेला ॲक्रिलिक असतो. आत ओल राहिली तर वर धुरकट ढग दिसतात आणि इपॉक्सी सारखं मुरतही नाही. शिवाय प्रिझर्व्हरमुळे दोरा आधीच भरलेला असतो, त्यामुळे पहिल्या हातात माल आणखीच कमी लागतो.

मग स्टँड. याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण लांबीच्या दिशेने माल सरकायचं दुसरं मोठं कारण उतार आहे. मूठ मोटरला घट्ट आणि टोक हवेत लोंबतंय अशा अवस्थेत रॉड फिरवला तर टोकाकडच्या प्रत्येक गाइडला उतार मिळतो आणि माल एका कडेला गोळा होतो. दोन गाइडांच्या मधे आधार द्या, टोकाकडे आधार जवळजवळ ठेवा. पाणसळ घेऊन पाहा, पण ब्लँक निमुळता असतो हे लक्षात ठेवा. वरची रेघ सपाट दिसली म्हणजे आस सपाट आहे असं नाही. मी आधाराच्या जागी ब्लँकच्या मध्यापासून टेबलापर्यंतची उंची मोजून सारखी करतो, टेबल मात्र आधी पाणसळीत घेतलेलं असावं. रॉड फिरताना टोक गरगर झोकांड्या खात असेल तर तोही दोष आधी काढा. एरवी ब्रश कधी रुतेल, कधी सुटेल आणि कड सरळ यायची नाही.

मिश्रणात घोटाळा झाला तर पुढचं सगळं वाया, म्हणून इथे जरा थांबतो. रॅपवरच्या इपॉक्सीचे दोन भाग असतात, राळ आणि तिला कडक करणारा हार्डनर, आणि बहुतेक जातींत ते आकारमानाने एकास एक घ्यायचे असतात. आकारमानाने, वजनाने नव्हे. राळ हार्डनरपेक्षा जड असते, त्यामुळे तराजूवर समसमान घेतलंत तर प्रमाण चुकतं. वजनाने घ्यायचं असेल तर उत्पादकाने दिलेलं वजनाचं प्रमाणच वापरा. राळेची आणि हार्डनरची सिरिंज वेगवेगळी, त्यांवर खूण केलेली, आणि कायम त्याच बाटलीची. एका वेळी दोन्ही मिळून निदान ६ मिलिलिटर (प्रत्येकी ३) तरी कालवा, जरी लागणार त्याच्या निम्मंच असलं तरी. सिरिंजवर ०.२ मिलिलिटर इकडेतिकडे होतंच. १ मिलिलिटरमधे ती चूक २० टक्क्यांची ठरते, ३ मिलिलिटरमधे सुमारे ७ टक्क्यांची. उरलेला माल टाकून द्यायला जीव होत नाही हे मान्य, पण चिकट राहिलेला रॉड सोलण्यापेक्षा ते स्वस्त. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालणं हा तर उलटा धंदा आहे. जास्तीच्या हार्डनरला जोडी मिळत नाही आणि थर मऊ राहतो.

बाटल्या गार असतील तर मोजण्याआधी कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. राळ दाणेदार किंवा धुरकट दिसत असेल तर ती बिघडलेली नसते, गारठ्याने तिचे स्फटिक झालेले असतात. गरम पाण्यात ठेवली की पुन्हा स्वच्छ होते. तीन ते चार मिनिटं सावकाश ढवळा. फेटू नका. भांड्याच्या बाजू आणि तळ खरवडून मधे आणत राहा. झालं की अॅल्युमिनियम फॉइलच्या पसरट ताटलीत ओता. ओतलं तेवढंच घ्या, कडेला चिकटलेलं खरवडून त्यात घालू नका, कारण न मिसळलेला अंश तिथेच राहिलेला असतो. पसरट ताटलीचे दोन फायदे आहेत. मिश्रण स्वतःच उष्णता सोडत असतं. खोल वाटीत ती कोंडते आणि माल भराभर आळतो, पसरला की उष्णता निघून जाते. आणि थर उथळ झाल्याने ढवळताना शिरलेले बुडबुडे आपोआप वर येऊन फुटतात.

अॅसिटोन किंवा अल्कोहोल घालून पातळ करावं का, हे कोणीतरी तुम्हाला सुचवेलच. काही चांगले बांधणारे पहिल्या हातात दोन-चार थेंब घालतातही. मी घालत नाही. विद्रावक उडून जायला वेळ लागतो, दर वेळी प्रमाण सारखं राहत नाही आणि थर मऊ राहण्याचा धोका असतो. पातळ करायचं काम थोड्या उबेने होतं, आणि ऊब मागे काही ठेवून जात नाही.

आता प्रत्यक्ष हात. मी टोकाकडून सुरुवात करतो आणि मुठीकडे येतो. बारीक टोकाला सगळ्यात पातळ आणि सगळ्यात प्रवाही माल लागतो, आणि मिश्रण सगळ्यात प्रवाही असतं ते पहिल्या पाच-सात मिनिटांत. मुठीकडे पोचेपर्यंत ते किंचित दाटलेलं असतं, पण तिथला ब्लँक जाड असल्याने तेवढं खपून जातं. मुठीपुढे रुंद नक्षी असेल तर तिच्यासाठी नवा माल कालवायचा, शेवटचा गाळ तिथे उरकायचा नाही.

पहिल्या हाताचं काम दोरा भिजवणं एवढंच. चकाकी, जाडी, गुळगुळीतपणा यातलं काहीही पहिल्या हाताकडून मागू नका. गाइडचा पाय ब्लँकवर टेकतो तिथे दोऱ्याखाली पायाच्या दोन्ही बाजूंनी लांबट पोकळी राहते, बोगद्यासारखी. तुमच्या बुडबुड्यांची रांग तिथूनच आलीय. वरून भराभर माल लिंपला की बोगद्याचं तोंड बंद होतं, आत हवा अडकते आणि नंतर तासभर एकेक बुडबुडा वर येत राहतो. म्हणून आधी मोटर बंद ठेवून, बोगद्याच्या एका तोंडाशी ब्रशाने छोटा थेंब ठेवा आणि थांबा. इपॉक्सी आपणहून आत ओढलं जातं. दुसऱ्या तोंडाशी ते डोकावलं की समजा हवा निघून गेली. प्रत्येक पायाच्या दोन्ही बाजूंना असं करा. एकाच पायाचे गाइड असतील तर काम निम्मं. त्यानंतर मोटर चालू करून उरलेल्या दोऱ्यावर ब्रश फिरवा.

ब्रश धरायची रीत अशी: रॉड ब्रशाच्या केसांपासून दूर फिरला पाहिजे, केसांवर चालून येता कामा नये. माल रॅपच्या मधे ठेवा आणि तिथून दोन्ही कडांकडे पसरवा. कडेवरून मधे ढकलत आलात तर कड उपाशी राहते आणि मधे ढीग होतो. ब्रश ताटलीत बुडवून काढला की एका काठावर निथळून घ्या. ब्रश फार वेळ मागेपुढे करू नका, प्रत्येक फेरीत थोडी हवा मिसळते.

हात देऊन झाला की दहा मिनिटांनी सगळ्यात महत्त्वाची पायरी येते, आणि ती तुमच्या वर्णनात कुठेच नाही. जास्तीचा माल परत काढून घ्यायचा. मोटर बंद करा. अर्धा-एक मिनिटात प्रत्येक रॅपच्या खालच्या बाजूला माल ओथंबून येईल. ब्रश कागदावर पुसून कोरडा करा, त्या ओथंबलेल्या भागाला नुसता टेकवा आणि वर न रगडता बाजूला घ्या. थेंब ब्रशाबरोबर येतो. रॉड अर्धा फेरा वळवून पुन्हा थांबा, पुन्हा टिपा. काही ओथंबेनासं झालं की मोटर चालू करा. गाइडचा पाय जिथून उभा चढतो त्या कोपऱ्यात मात्र वेगळं लक्ष द्या, तिथे माल लपून बसतो आणि फिरताना हळूच रॅपवर उतरतो. पहिल्या हातानंतर दोरा ओला, चकचकीत दिसला पाहिजे, पण प्रत्येक वेढा वेगळा कळला पाहिजे. वेढे दिसेनासे झाले असतील तर माल अजून जास्त आहे.

बुडबुडे उरलेच तर ऊब द्या, पण जपून. स्पिरिटचा छोटा दिवा फिरत्या रॅपच्या बराच खाली धरून क्षणभर सरकवला की पृष्ठभाग सैल होऊन बुडबुडे फुटतात. लायटर नको, काजळी धरते. हॉट एअर गन जवळून मारली तर इपॉक्सी पाण्यासारखं होऊन कडांकडून पळतं. शिवाय ब्लँक तापला की दोऱ्याखालची उरलीसुरली हवा फुगते आणि नवे बुडबुडे सोडते, म्हणजे एक फोडायला जाऊन चार निर्माण होतात. याच कारणाने थंड खोलीतला रॉड आणून लगेच उबदार खोलीत हात देऊ नका, आधी तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तोंडाने फुंकर मारून बुडबुडे फोडणारे पुष्कळ आहेत. मारायचीच तर नळीतून आणि एकदाच, कारण श्वासातली वाफ ओल्या इपॉक्सीला चांगली नाही. हवा फार दमट असेल तर वर तेलकट तवंग येतो. तो पुढच्या हाताआधी कोमट पाण्याने धुऊन कोरडा करावा लागतो, त्यावर थेट दुसरा हात दिला तर तो नीट धरत नाही.

पहिला हात फिरत राहू द्या, माल हलायचा पूर्ण थांबेपर्यंत. जातीप्रमाणे चार ते सहा तास धरा, डब्यावर लिहिलं असेल ते खरं. दुसरा हात साधारण एका दिवसाच्या आत द्यावा, म्हणजे पहिला थर अजून पूर्ण पकलेला नसतो आणि दोन्ही एकजीव होतात. दोन-तीन दिवस उलटून गेले असतील तर बारीक पॉलिश पेपरने, ६०० नंबरच्या आसपास, हलकेच घासून चकाकी घालवा आणि अल्कोहोलने पुसा. दुसऱ्या हाताआधी बोट फिरवून पाहा. दोऱ्याची कुसं टोचतील. नव्या ब्लेडने ती आडवी कापून टाका. आत्ता राहिलेलं एक कूस दुसऱ्या हातात डोंगर होऊन दिसतं.

दुसऱ्या हातात गुळगुळीतपणा येतो, तरीही माल कमीच. वेढ्यांमधल्या खाचा जेमतेम बुजल्या की थांबायचं. इथेही दहा मिनिटांनी थांबवून टिपून घेणं आहेच. डी नंबरच्या दोऱ्याला खाचा उरल्या तर तिसरा पातळ हात द्या, दुसराच जाड करू नका. वाकडंतिकडं ओळखायला माझी एक सवय सांगतो. लांब ट्यूबलाइट किंवा एलईडीची पट्टी रॉडला समांतर येईल अशी ठेवा आणि ओल्या रॅपवर तिचं प्रतिबिंब पाहा. सरळ रेघ दिसली तर थर सारखा आहे. रेघ जिथे वाकते तिथे पोट किंवा खड्डा, आणि तो आत्ता, ओला असतानाच सुधारतो. वरून पाडलेल्या उजेडात हेच दोष वाळेपर्यंत दिसत नाहीत.

कडांविषयी. नागमोडी कड बहुतेक वेळा हात हलल्याने येते. मनगट कशावर तरी टेकवा, ब्रशाचं टोक रॅपच्या बाहेर मिलिमीटरभर ब्लँकवर स्थिर धरा आणि रॉडला पूर्ण फेरा घेऊ द्या. रेषा रॉड काढतो, आपण फक्त हलायचं नाही. मोटर ९ फेऱ्यांची असली तर एक फेरा सहा-सात सेकंदांचा होतो, तेवढा दम धरा. ज्यांना इतकं सावकाश जमत नाही ते हात देताना रॉड हाताने जरा भरभर फिरवतात, तेही चालतं. दोरा संपतो तिथे बरोबर थांबू नका. इपॉक्सी ब्लँकवर किंचित उतरलं की दोऱ्याचं टोक बंद होतं आणि पाणी आत शिरत नाही. दोन्ही हात मात्र एकाच रेषेवर थांबवा, नाहीतर दोन पायऱ्या दिसतात. चिकटपट्टी लावून सरळ कड काढायचा मोह होतो, पण इपॉक्सी पट्टीच्या काठाला चढतं आणि पट्टी काढल्यावर तिथे धार उरते.

वेगाबद्दल एवढंच, की मिनिटाला ६ ते १८ फेऱ्यांमधे कुठलाही वेग चालतो. त्याहून खूप मंद असेल तर जाड भागावर ओघळ धरतो, खूप जलद असेल तर माल गाइडच्या उंच भागाकडे फेकला जातो. तुमची मोटर त्या पट्ट्यात आहे, विषय संपला.

दिसण्यापलीकडेही पातळ थराचा एक फायदा आहे. टोकावर चढलेलं प्रत्येक ग्रॅम रॉडला मंद करतं. गळ फेकल्यावर टोक डोलत राहतं, माशाने हलकेच तोंड लावलेलं हाताला कळत नाही. चांगला हलका ब्लँक घ्यायचा आणि त्याच्या टोकावर इपॉक्सीचे मणी लटकवायचे, याला काही अर्थ नाही. जाड थर लवचीकही कमी, त्यामुळे रॉड वाकला की गाइडच्या पायाच्या टोकाशी आधी तोच तडकतो.

हार्डनर त्वचेवर लागू देऊ नका, नायट्राइलचे हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. त्याची अॅलर्जी एकदा जडली की पुढे दर वेळी त्रास देते. हाताला लागलंच तर साबणाने धुवा, अॅसिटोनने पुसू नका, त्याने ते त्वचेत आणखी शिरतं.

राहिला प्रश्न हातातल्या रॉडचा. आधी नख टोचून पाहा. दोन दिवसांनंतरही नख उमटत असेल किंवा बोटाला चिकटत असेल तर प्रमाण किंवा ढवळणं चुकलंय. नुसता किंचित चिकटपणा असेल तर वर नीट कालवलेला पातळ हात देऊन तो बंद करता येतो. मऊ, ओला राहिला असेल तर सोलण्याला पर्याय नाही. कडक असेल तर मुठीकडच्या गाइडांचं पोट वाचवता येईल. लाकडी पट्टीभोवती ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा, पाण्यात भिजवा आणि फक्त उंच भाग घासा. दोऱ्याचा रंग बदलताना दिसला की ताबडतोब थांबा, तिथे दोरा उघडा पडतोय. मग धुऊन, पूर्ण वाळवून, अल्कोहोलने पुसून एक पातळ हात. घासलेला भाग पांढुरका दिसेल, घाबरू नका, हाताखाली तो पुन्हा पारदर्शक होतो.

टोकाकडचे थेंब घासत बसू नका. तिथे दोरा थोडासाच लागतो आणि पुन्हा बांधायला फार वेळ जात नाही. हॉट एअर गन दुरून, मंद उष्णतेवर फिरवत ठेवा. इपॉक्सी मऊ झालं की ब्लेड गाइडच्या पायावर ठेवून लांबीच्या दिशेने चिरा, म्हणजे पातं धातूवर चालेल आणि ब्लँकला लागणार नाही. कार्बनच्या ब्लँकवर उष्णता जपून द्या, कारण त्याची स्वतःची राळही जास्त तापली तर कमकुवत होते. ब्लँक हातात धरवेनासा झाला तर थांबा आणि गार होऊ द्या. दोरा सुटला की उरलेला पापुद्रा नखाने किंवा प्लास्टिकच्या कडेने खरवडा, ब्लँकवर ब्लेड चालवू नका. गाइड पुन्हा बांधण्याआधी त्याच्या पायाचं टोक कानशीने निमुळतं करून घ्या. दोरा त्यावर सहज चढतो, बोगदा लहान होतो, आणि पहिल्या हातात बाहेर काढायची हवाच कमी उरते.

या वेळी टोकाचे तीन-चार गाइड आधी बांधून, फक्त त्यांनाच पहिला हात द्या आणि टिपून घ्यायची सवय तिथेच करा. काही अडलं तर ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबासकट फोटो टाका, इपॉक्सीची जात आणि खोलीचं तापमानही लिहा. त्यावरून नेमकं सांगता येईल.